गाळलेलं वाक्य

रोहा, मंगळवार संध्याकाळ, १९९७

पेणच्या डॉक्टरांसाठी मी कॉम्प्युटरवर चिनी औषधांची माहिती भरतोय. स्वादुपिंडाच्या सुजेवर तिकडे काय देतात, एवढंच. बहुतेक ठिकाणी रेवाचिनीच्या मुळीचा काढा. पण जवळजवळ प्रत्येक नोंदीत पुढे असतं, रुग्ण दवाखान्यात, सलाइन चालू, तोंडाने काही नाही, काढा नळीतून. ते वाक्य माझ्या रकान्यात मावत नव्हतं. गाळत गेलो. नंतर बघू म्हटलं.

काल शेजारच्या सकिनाभाभी आल्या. त्यांच्या रशीदभाईंना हाच आजार, पुन्हा कळा सुरू झालेल्या. "भाऊ, तुमच्या कंप्युटरात यावर दवा हाय ना?" मी ऐटीत स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. रेवाचिनीचा काढा, म्हणालो. काष्ठौषधीवाल्याकडे मिळते, हेही सांगितलं. गाळलेलं वाक्य तेव्हा का नाही आठवलं? की आठवलं होतं, आणि त्या इतक्या कौतुकाने बघत होत्या म्हणून...

काढा प्यायल्यावर रात्रभर रशीदभाईंना उलट्या झाल्या. सकाळी पेणला दवाखान्यात नेलं. दुपारी भेटायला गेलो तर खाटेला पाटी अडकवलेली, तोंडाने काही देऊ नये. तेच वाक्य. इथे ते बरोबर मावलं होतं.

भाभी बाहेर बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझंच चुकलं, भाऊ. काढा जास्त उकळला मी. तुमी सांगितलंत ते बरोबरच हुतं."

मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेलो.