सोनीचं पोतं तुझ्या खाटेवर

मनोज,

तू ड्युटीवर गेला आणि मी प्रतीक्षाले घेऊन अकोल्याले तिच्या माहेरी निघाली. सोनीही सोबत आहे. वामनमामाच्या भाजीच्या टेम्पोत तिघींची जागा झाली.

कुत्र्याले थंडी वाजत नाही, देवानं त्याले कोट देला, असं तू सकाळी ओरडून राहिला होता. सोनीचा कोट तर गोचिडं झाली म्हणून तूच ट्रिमरनं काढला, बाबा. ती घरात शिरली म्हणून त्या उघड्या कातडीवर तू गार पाण्याची बादली ओतली. कापत कापत ती प्रतीक्षाच्या पायाशी लपली, तर काठी घेतली. दोन सोनीच्या पाठीत बसल्या, तिसरी मधात आलेल्या प्रतीक्षाच्या मनगटावर. तरी तुझा हात पुन्हा वर गेला, म्हणून मी खलातला बत्ता हाणला. कपाळावरच्या टेंगळाले हळद लावजो.

प्रतीक्षाचं मनगट सुजलं आहे. मागच्या खेपेसारखंच ती शेजारणीले पाय घसरला म्हणून सांगणार होती. या खेपेले मी खरं सांगितलं.

बेसन केलं आहे, भाकरी फडक्यात आहे. तुझी गोधडी नेली, सोनी तिच्यात गुंडाळली आहे. तिचं पोतं तुझ्या खाटेवर टाकलं. आज अंगावर बादली ओतून, दार उघडं ठेवून त्याच्यावर झोपून पाहजो. थंडी वाजली तरच फोन कर, आणि तो मले कर. प्रतीक्षाले नाही.

तुझी माय