खोली नंबर नऊ, संध्याकाळी सहा

४ ऑगस्ट
कम्युनिटी कॉलेजचं वेळापत्रक आलं. 'कवितेचं वाचन', दर बुधवारी. म्हाताऱ्यांना फी माफ. जायचे मार्ग तीन: चाळीस मैलांवरचा मोठा कॅम्पस, घरी संगणकासमोर, नाहीतर इथेच आमच्या जुन्या हायस्कुलात, खोली नंबर नऊ. कॉलेज ती संध्याकाळपुरती भाड्याने घेतं. सर्व बाजूंनी, अगदी तटस्थपणे विचार करून खोली निवडली. माझी बायको आयडा शाळेत असताना त्याच खोलीत, उबेच्या रेडिएटरजवळ बसायची, याचा इथे काही संबंध नाही. ती वसंतात गेली. मी सावरलो आहे.

५ ऑगस्ट
ग्रेटाचा ओमाहाहून फोन. "बाबा, डॉक्टरांनी अंधारात गाडी चालवू नको म्हटलंय ना? घरून कर. कुठूनही केलं तरी सारखंच." म्हटलं, पोरी, सहाला लख्ख उजेड असतो. परत यायच्या वेळेचं तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

११ ऑगस्ट
नदीची कविता पुन्हा पाठ. शाळेत असताना बाईंनी हीच म्हणायला उभं केलं, तिसऱ्या कडव्यावर अडलो आणि अख्ख्या वर्गात एकटी आयडा खुदकन हसली. पुढे जन्मभर म्हणायची, "मी नव्हतेच ती." आज आरशासमोर न अडता म्हटली. जवळजवळ.

१८ ऑगस्ट
कॉलेजातून कळवलं: दहा नावं जमली नाहीत तर खोलीतला वर्ग होणार नाही. सध्या सहा. घाबरण्यासारखं काही नाही. गावाला कवितेची भूक आहे. कुणी पानच वाढलेलं नाही.

१९ ऑगस्ट
कॅफेत मर्लला गाठलं. शेजारी आहे, बालमित्र आहे. म्हणाला, "अरे ऑरिन, वाढदिवसाच्या कार्डावरचं चार ओळींचंसुद्धा बायको मला मोठ्याने वाचू देत नाही!" मग म्हणाला, "बघू." बघू म्हणजे होच. कॉफी ओतता ओतता डार्ला म्हणाली, "तिथे बसायला मिळतं ना? मग मी कशालाही येईन." तीही धरली. पाद्रीबुवा घाईत होते, नाही म्हणाले नाहीत. नऊ झाले. दहावा कुठे जातोय!

२६ ऑगस्ट
सहाच राहिले. तरी वर्ग रद्द नाही! संगणकावर हलवलाय. वेळ तीच, बाई त्याच, फक्त खोली नाही. ग्रेटा खूश. तिला सांगितलं, घरचं इंटरनेट फार रडतं. (उत्तम चालतं.) हायस्कुलाच्या पार्किंगात शाळेचं वायफाय पोचतं; कितीतरी जण गाडीत बसून परीक्षा देतात. म्हणजे मी काही वेगळं करत नाहीये.

२ सप्टेंबर, रात्री
टाय लावला. गाडी नऊ नंबरच्या खिडकीखाली उभी केली, फोन स्टिअरिंगला टेकवला. व्हॅलादेस बाई तरुण आहेत, गोड आहेत. "ऑरिन, तुम्ही कुठून?" म्हटलं, "वर्गातून."

शेवटी माझी पाळी. नदीची कविता. पहिली दोन कडवी झकास. तिसऱ्यावर अडलो. नेमका तिथेच.

थांबलो. कान देऊन बसलो.

बाई म्हणाल्या, "सावकाश आठवा. तुम्हाला त्रास नको म्हणून बाकी सगळ्यांचे आवाज बंद ठेवलेत."

वर खिडकीत दिवा नव्हता.

वर्ग सुटला तेव्हा अंधार पडला होता. गाडी तिथेच ठेवून चालत आलो.

पुढच्या बुधवारी घरूनच करतो. कुठूनही केलं तरी सारखंच.