सात पायऱ्या

अण्णा, मला तुमचा राग आलाय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि राग आला तो या मंगळवारी, इकडे परदेशात, सँट्रीच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.

आमच्याकडे महिन्यातून एकदा कुणीतरी आपल्याला प्रेरणा देणाऱ्या माणसाबद्दल बोलतं. मी तुमच्याबद्दल, माझ्या वडिलांबद्दल बोलले. पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, तरी तीस वर्षं शिकवण्या घेतल्या, मलाही चौथीपर्यंत घरीच शिकवलं, ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून, आईच्या कुकरच्या आवाजावर आवाज चढवून. मग सत्काराचं सांगितलं. स्टेजला सात पायऱ्या. तुम्ही कुबड्या माझ्या हातात देता आणि हातांवर जोर देत, सरकत एकेक पायरी चढता, अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. ऐकताना दोघी-तिघींनी डोळे पुसले.

माझ्या टीममधली एकजण व्हीलचेअर वापरते. ती सँडविच खात ऐकत होती. "गोष्ट ग्रँड आहे," ती म्हणाली, "पण कार्यक्रम खालीच का नाही घेतला?"

"म्हणजे?"

"म्हणजे एक शाल आणि एक नारळ खाली आणायला किती माणसं लागली असती? मी इथे रोज लिफ्टनं वर येते, कुणी टाळ्या वाजवत नाही. फार बरं वाटतं."

सगळे हसले. मीही हसले आणि बसमध्ये घरापर्यंत माझे कान तापलेले होते. कारण मला उतरतानाचं आठवत होतं. सगळे चहा-वड्यांकडे गेलेत. तुम्ही स्टेजच्या कडेला बसलाय, मांडीवर नारळ. मी आठ वर्षांची, पाण्याचा पेला घेऊन येते. "नको," तुम्ही म्हणता, "घरी गेल्यावर." तुम्ही सकाळपासून घोटभर पाणी प्यायला नव्हता, कारण तिथल्या संडासालाही पायऱ्या होत्या. आणि माइकवर काय म्हणालात? "मला आयुष्यात कसलीच अडचण आली नाही." हसत म्हणालात! एकदा मी दूध सांडल्याचं सांगितलं, पण उड्या मारताना सांडलं हे सांगितलं नाही, तेव्हा मला भरल्या ताटावरून उठवलं होतंत. "अर्धं सांगितलंस, म्हणजे खोटंच सांगितलंस." मग तुम्ही काय केलंत, अण्णा? त्या लोकांना एकदा तरी म्हणायचं होतंत, टेबल खाली आणा. तुमच्यानंतर ज्याचा सत्कार झाला असेल, तोही असाच सरकत वर गेला असेल. तुमच्याकडे बोट दाखवून त्याला सांगितलं असेल, बघा, त्यांना जमलं.

आता हेच भाषण आमच्या कॉर्क शहरातल्या ऑफिसात करायचंय, मोठ्या सभेत. "पायऱ्यांचा भाग नक्की ठेव," मॅनेजर म्हणाली, "लोकांना तोच आवडला." शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तीन दिवस मी मेल लिहून खोडत होते. आज कळवलं : ठेवीन, पण पाण्याच्या पेल्यासकट, आणि सभा खालच्या मजल्यावर, कुणालाही पायरी चढावी न लागता होणार असेल तरच. अजून उत्तर आलेलं नाही.

हे पत्र कुठेच जाणार नाही. तरी एक गोष्ट राहिली, ती लिहिली नाही तर हेही अर्धंच. तुम्ही सातव्या पायरीवर पोचलात, तेव्हा टाळ्या वाजवायला माझे हात मोकळे नव्हते. म्हणून मी तुमच्या कुबड्याच एकमेकींवर आपटत होते. सगळ्यांत शेवटी थांबले ती मीच.