नवसाचं विमान

पौष व. २, शके १८६७
डोळे चुरचुरून राहिलेत. सकाळपासून एकच जोडवं हातात, त्याच्याही सांध्याचा डाख उलटा बसला. या वयात सोनारकाम म्हणजे स्वतःचीच चेष्टा.
दुपारी अक्का आली, औंढ्याहून, गाडीत. हातात तिळगुळाचा डबा. तिळगूळ निमित्त. तिचा दत्तू विमानांच्या फौजेत गेला तेव्हाच तिनं नागनाथाला बोलून ठेवलं होतं म्हणे, पोरगं सुखरूप आलं तर त्याचं विमान वाहीन, चांदीचं. पोरगं दिवाळीत आलं. आता शिवरात्रीला वाहायचं. स्वतःचे चांदीचे तोडे माझ्यापुढं ठेवले, आटवायला.
म्हटलं, ‘अक्का, लोक पाळणा वाहतात, डोळे वाहतात, पाय वाहतात. त्याचे साचे आहेत माझ्याकडं. विमान मी आभाळातच पाहिलंय, तेही दोनदा.’
‘दत्तूनं पाह्यलंय की जवळून. तो बसंल तुझ्यापाशी. बराबर त्याच्याच विमानावानी कर, सदा. देवाला वळखू आलं पायजे.’
‘घरी तर तो आगगाडीनं आला. खरं म्हणजे आगगाडी वाहायला पाहिजे.’
अक्का हसली नाही. हिनं मला कडेवर वागवलंय. नाही म्हणता आलं नाही.

पौष व. ५
दत्तू आला राहायला. पोरपणी याच दुकानात माझ्याकडं शिकला, हात माझ्याहून चांगला होता. आता चिमट्यातून कडी दोनदा निसटली. त्यानं पाहिलं, मी पाहिलं, दोघांनी बागेसरीतल्या निखाऱ्यांकडं पाहिलं.
शेजारचा शिंपी विचारून गेला, ‘बॉम टाकला का रं जपानवर?’ दत्तू निखारे सारत राहिला. शिंपी गेल्यावर मला म्हणाला, ‘मामा, मी कधीच उडालो न्हाई. मी मेकॅनिक. जमिनीवर. मायला सांगितलं, ती ऐकतच न्हाई.’
एवढंच. मग जेवणापर्यंत शब्द नाही.

पौष व. १०
अंग झालं, पंख बसवले. चांगली झिलई दिली. मला बरं वाटलं, अगदी लग्नातल्या भांड्यासारखं लखलखीत. दत्तूनं उचलून बघितलं.
‘असं न्हाई, मामा.’
‘मग कसं?’
‘असं नवं कोरं कुठं ऱ्हातंय. पंखाला ठिगळं होती. गोळ्या लागलेल्या, त्यावर आमी कापड डकवायचो. धुराच्या पाइपाच्या मागं काजळी, लांबलचक. उडवणारे साहेब जिथं पाय देऊन चढायचे तिथला रंग पार गेला होता.’
आल्यापासून धड न बोललेला माणूस दिवे लागेपर्यंत बोलत होता. मी ठिगळं डकवली, पातळ पत्र्याची, कडा कानशीनं मारून. काजळीला गंधकाची धुरी दिली. पाठ मोडली. तरी विचारलं, अजून काय राहिलं? कारण काम संपलं की तो पुन्हा गप्प होईल, याची मला भीती वाटते.

माघ शु. ३
अक्का बाजाराच्या दिवशी येऊन बघून गेली. ठिगळं पाहिली आणि भडकलीच.
‘देवीला फाटकं लुगडं नेसवतेत का रे? देवाला ठिगळाचं वाहू?’
‘माय, ते तसंच व्हतं.’
‘आन् ही काजळी? चुलीतून काढलं काय?’
मी म्हटलं, बराबर त्याच्यासारखं कर, असं तूच बोललीस. मग रुसली. भाकरीला हात लावला नाही. जाताना विमान पुन्हा उचललं, पंखावरच्या ठिगळावरून बोट फिरवत राहिली. ‘दत्तू, तू बसायचा कुठं रे याच्यात?’
तो उठून बाहेर गेला. खरं सांगायचं मला तरी कुठं धाडस झालं.

माघ शु. ११
इंजिनावरचं झाकण. दत्तू म्हणतो ते उघडायचं असतं, दोन्ही अंगांना पिना लावून बंद करायचं. पिन कशी, तर कानातल्या फुलाच्या दांडीसारखी, पण आरपार घालून टोकं वाकवायची. तार जंत्रीच्या बारीक भोकांतून ओढून ओढून केसाएवढी केली. दोन मोडल्या, एक उडाली ती सापडलीच नाही. मान अवघडली. सगळ्या बसवल्या आणि विमान कपाटात ठेवून दिलं.

माघ शु. १२
डाव्या अंगाची एक पिन नाही. पडली असेल. नवी केली.

माघ शु. १३
पुन्हा तीच नाही. तीच जागा. पडलेली पिन इतकी शहाणी नसते.
विचारलं, ‘काहून काढलीस?’
‘ती नव्हती मामा.’
‘तुला काय ठाऊक, कोणती होती अन् कोणती नव्हती?’
 बाहेर रस्त्यावर कोणाची तरी म्हैस सुटली होती, तिचाच आरडाओरडा. मग त्यानं खिशातून तंबाखूची डबी काढली. तंबाखू नव्हती. लोखंडाची पिन, करंगळीएवढी.
तिकडं एका पहाटे, म्हणाला, झाकण उघडून काम चाललेलं, तेवढ्यात हुकूम आला, विमान आत्ताच पाहिजे. झाकण लावलं. साहेब चढले. लाहोरकडचा पोरगा, दत्तूहून लहान, चढताना याच्या खांद्यावर हात द्यायचा. संध्याकाळी दत्तूचा हात खिशात गेला तर ही पिन. विमान आलंच नाही. कोणी विचारलं नाही. त्या दिवसांत पुष्कळ विमानं यायची नाहीत.
‘गोळीच लागली असंल. एका पिनेनं काय व्हतं? बाकीच्या होत्या की.’ पिन पुन्हा डबीत ठेवली. ‘न्हाई पडत ना मामा, एका पिनेनं?’
मला विचारतो. ज्यानं विमान दोनदा पाहिलं, त्याला. म्हटलं, मला माहीत नाही रे.
नाही पडत, असं म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं नाही. 

माघ पौर्णिमा
अक्काला सांगावं का? ती आणखी एक उपास धरेल, दुसरं काय. नाही सांगितलं तर हे ओझं त्या पोरानं एकट्यानंच वागवायचं.
आणि पिनेचं काय करायचं? बसवली तर विमान खोटं. नाही बसवली तर त्याची चूक, चूक असेल तर, देवळात टांगून राहणार, येणाऱ्याजाणाऱ्यानं खालून पाहावी. अर्थात कोणाला दिसणार नाही. त्याला दिसेल.
शेवटी आणखी एक पिन ओढली, पुडीत बांधून त्याला दिली. ‘माझे डोळे संपले. बसव किंवा नको बसवू. तू ठरव.’ त्यानं पुडी कानावर लावली, विडी लावतात तशी.

माघ व. ८
दत्तूनं कोणाचंतरी मोडकं पैंजण सांधून दिलं. डाख जाड झाला. मी तसंच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलं.

माघ व. १३
औंढ्याला आलो. गाडीत अक्का, मांडीवर फडक्यात विमान. दत्तू सगळी वाट गाडीमागं चालत. धूळ खात. चढ म्हटलं तर ऐकेना.
ओढ्याच्या उतारावर बैल थांबले तेव्हा अक्का एकाएकी म्हणाली, ‘सदा, माझा दत्तू उडवत नव्हता, हे का मला कळंना? समदं कळतंय. पण नवस बोलून गेले, आता कसला बदलू.’
तिनं मांडीवरचं फडकं सारखं केलं.
‘जो उडवत व्हता, त्याची बी माय असंल कुठं. तिनं काय बोललं असंल देवाला? तिचा नवस कोण फेडणार?’
दत्तू चाकापाशीच उभा होता. ऐकलं त्यानं. पुढं चालला तो गाडीच्या पुढं, बैलांच्याही पुढं.

माघ व. १४
शिवरात्र. ही गर्दी. धक्के खाऊन बरगड्या दुखतात. गाभाऱ्यात उतरायच्या आधी दत्तूनं अक्काकडून विमान मागून घेतलं. माझ्याकडं पाठ करून भिंतीशी उभा राहिला, बराच वेळ. मागचे लोक ओरडू लागले, चला की पुढं. मग त्यानं ते पुन्हा मायच्या हातात दिलं.
पुजाऱ्यानं पिंडीला टेकवलं, परत दिलं. मंडपात नवसाच्या पाळण्यांमध्ये टांगलं. ठिगळं, काजळी, सगळं घेऊन ते तिथं हळूहळू फिरत राहिलं. डावं अंग समोर आलं तेव्हा मी डोळे बारीक केले. मला काही दिसलं नाही. अक्काला विचारलं, तर म्हणाली, ‘माझे डोळे काय तुझ्याहून तरणे हायेत?’ दत्तूला विचारायचा धीर झाला नाही.
बाहेर ओट्यावर बसलो. प्रसादाचा खजूर खाल्ला. दत्तूच्या मुठीत तंबाखूची डबी होती, अंगठ्यानं झाकण उघडझाप करत होता.
‘मामा, लाहोरला जायचं तर गाडी कुठं बदलावी लागते?’
अक्का खजुराची बी हातात धरून तशीच राहिली.
म्हटलं, पूर्णेला. मग मनमाडला. मनमाडच्या पुढं मी कधी गेलेलो नाही.