बाई, तुम्ही तिला घरी नेलंत

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. इतके दिवस मला वाटायचं, मी तुमच्यावर रागावलेली आहे. राग नव्हे तो, हेवा आहे, आणि तोही तुमचा नाही, तुम्ही घरी नेलेल्या त्या मुलीचा. आता केस पांढरे व्हायला लागले तरी तो जात नाही.

बारावीचं वर्ष. अंबाजोगाईत मी चुलतीकडे राहून शिकत होते. चुलतभावाचं लग्न झालं, सून आली आणि त्या दोन खोल्यांत माझी वळकटी मावेनाशी झाली. "तुजं तू बघ माय आता," चुलती म्हणाली. वाईट नव्हती ती. आई-बाप मेंढरं घेऊन गेवराईच्या अंगाला, गोदाकाठी कुठंतरी होते. मी परत गेले असते तर बापानं उन्हाळ्यातच माझं लग्न उरकलं असतं, म्हणून मी त्यांना काही कळवलं नाही. त्याच सुमारास वर्गातल्या पाटलाच्या मुलीचंही घर फिरलं. बापानं दुसरी बायको आणली, आई माहेरी गेली, मामानं भाचीला दारात उभं केलं नाही. आमच्या वर्गाच्या बाई म्हणून तुम्ही तिला हाताला धरून घरी नेलंत. मी धीर करून तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही मेथी निवडत होता. "बाई, राहायचं जरा अवघड झालंय," एवढंच मला बोलता आलं. तुम्ही हसलात. "तुला काय धाड भरली गं? तुमचं घर तर तुमच्यासंगं हिंडतं. तुला उघड्यावरची सवय हाय, हिला न्हाई." कौतुकानंच म्हणालात. वर चुलतीला द्यायला मेथीची एक जुडी दिलीत. ती घेऊन मी स्टँडवर बसून राहिले.

तुमचं चुकलं ते इथंच. मेंढपाळाचं घर हिंडतं हे खरं, पण ते आईच्या चुलीबरोबर, कुत्र्यांबरोबर, घोड्यावरच्या बिऱ्हाडाबरोबर हिंडतं. एकट्या पोरीबरोबर ते येत नाही. आमच्या मेंढरांना तर शेतकरी बोलावून नेतात. रानाला लेंडीखत मिळतं म्हणून बापाला ज्वारी देतात आणि म्हणतात, दोन रात्री आमच्यात बसवा. मला त्या दिवसांत मेंढरांचाही हेवा वाटायचा. मला कोण कशाला बसवून घेईल?

मी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपायला लागले. तिथं पेशंटचे नातेवाईक पसरलेले असतात, बाईमाणसाला कुणी हटकत नाही. हातात डबा धरायचा, म्हणजे आपण कुणाचे तरी आहोत असं दिसतं. नळावर गर्दी व्हायच्या आत तोंड धुवायचं. धुतलेले कपडे वाळायचे नाहीत, तसेच दमट अंगावर घालून कॉलेज गाठायचं. पाळीच्या दिवसांत तर जीव नकोसा व्हायचा. पुस्तकं मैत्रिणीच्या घरी, त्यामुळे अभ्यास तिच्या आईच्या मर्जीवर. आणि वर्गात पुढच्या बाकावर ती, तेल लावून घट्ट घातलेल्या वेणीत. तुमच्या हातची वेणी लांबूनही ओळखू यायची. फळ्याकडं बघायचं सोडून मी त्या वेणीकडंच बघत राहायचे.

मग तिला ताप आला आणि तुम्ही तिला त्याच दवाखान्यात आणलंत. मी खिडकीतून बघते आहे. तुम्ही तिच्या कपाळावर पट्टी ठेवता, चमचा पुढं करता, ती तोंड फिरवते, तुम्ही पुन्हा पुढं करता. बाई, मला तिचा तापसुद्धा हवासा वाटला. तुम्ही बाहेर आलात तर समोर मी. "तू हितं कावून गं?" "आई ॲडमिट हाय," मी म्हणाले. तुमचं तोंड उतरलं. तिनं टाकलेली खिचडी तुम्ही माझ्या डब्यात ओतलीत. "आईला दे. अन् काई लागलं तर सांग, लाजू नको." जिन्याखाली बसून मी ती खाल्ली. गरम होती, चांगली होती, आणि घासागणिक माझा जळफळाट होत होता. खरं सांगितलं नाही, कारण उघड्यावर राहू शकणारी धीट पोर, एवढीच तुमच्यापाशी माझी किंमत होती. तीही गेली असती तर माझ्याकडे काही उरलं नसतं.

परीक्षा कशीबशी पार पडली. नर्स झाले, गेवराईत तीन खोल्यांचं घर झालं. आता माझ्याकडे एक मुलगी राहते. सतरा वर्षांची, रिकामा डबा घेऊन आमच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसायची. मला तिला काही विचारावं लागलं नाही. "लोकाची पोर हाय, जपून," नवरा म्हणाला, पण मधली खोली त्यानंच झाडून दिली. शेजारणी म्हणतात, तुमचं मन लई मोठं. मी हसून घेते.

काल संध्याकाळी तिनं ताट सरकवलं. "रोज रोज वांगंच कावून?" म्हणाली, खोलीत गेली, दार आपटलं आणि आतून कडी घातली. मी तिथंच उभी राहिले. घर जाईल याची जराही भीती न बाळगता रुसायचं, हे मला त्या वयात एक दिवससुद्धा जमलं नाही, आणि ही तीन महिन्यांत शिकली. नवरा म्हणाला, "बोलव की तिला, उपाशी हाय." बाई, हे पत्र पोस्टात टाकलं तर तुमच्या सुनेच्या हाती पडेल, म्हणून टाकणार नाही. तुम्ही असता तर ताट घेऊन दारापाशी गेला असता. मी भाजी झाकून ठेवली, भांडी घासली, आणि तिला हाक मारली नाही.