बाबांच्या कंपवातावरची वेल

ताईस लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे. दिवसभर इथल्या वनस्पती-संग्रहालयात वाळलेली झाडं कागदावर चिकटवून खाली नावं लिहितो.

तू पाठवलेली बाबांची वेल रसायनवाल्या बाईंनी तपासली. म्हणाल्या, "मामा, जिच्यात अल्कलॉइड, म्हणजे औषधाचा अंश, असतो, तिच्या पानाखाली लव असते. ही गुळगुळीत आहे. हिच्यात काही नाही."

मीच फुलावरून ओळखली होती गं. फुलं दोघींची सारखीच. लववाली आपल्या डोंगरावर उगवतच नाही.

चार वर्षं तू तिची मुळी उगाळून दिलीस. बाबा अजून आपल्या हातानं जेवतात का?

अपाय नाही, तेव्हा त्यांना सांगू नकोस. मुळी घेताना ते देवाचं नाव घेतात, तेवढं राहू दे. माझ्या तोंडून ते नाव दोन दिवस निघालेलं नाही.

तुझा धाकटा