ओसाकाला न्यायचं आहे

३ नोव्हेंबर, सकाळ
जपानी शिकून पूर्ण. मोबाइलवर बेचाळीस धडे, एकोणीस दिवसांत. पुढच्या सोमवारी नागपूरजवळच्या आमच्या वाडीच्या गोदामात ओसाकाहून हायाशी साहेब पाहणीला येणार. दुभाषी बोलावू नका, असं मालकांना सांगून टाकलं. मी आहे.

५ नोव्हेंबर
मर्म सापडलं. इंग्रजीवाला दर वाक्यात आय, यू, इट लावतो. जपानी माणूस 'मी' म्हणत नाही, 'तुम्ही' म्हणत नाही. कोणाबद्दल बोलणं चाललंय ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. मला सोपं आहे. बायको पुष्पलता बावीस वर्षं तशीच बोलते. आज म्हणाली, "आणलं काहो?" मी लगेच दही दिलं. तिला गॅसचा पाइप हवा होता. पण दहीही लागतंच.

८ नोव्हेंबर
डिस्पॅचच्या गुंजनला माझी जपानीची वही दिली. मौद्याहून बसने येते बिचारी. तिने पानोपानी पेन्सिलने खुणा केल्या. महत्त्वाचं अधोरेखित केलं असावं.

१० नोव्हेंबर
हायाशी साहेब आले. इमर्जन्सी एक्झिटच्या दारातच मी खुर्ची टाकून बसलो होतो. ते माझ्या दिशेने हात करून म्हणाले, 'सोरे' हलवा. सोरे म्हणजे ते. मी पलीकडच्या भिंतीजवळचे साठ खोके हलवायला लावले. दोन तास गेले. हमाल कवडू म्हणाला, "काहून हलवून राहिलो भाऊ आपण?" शेवटी गुंजनने मला उठवून खुर्ची बाजूला ठेवली. हायाशी साहेब तिच्यापुढे वाकले. ती म्हणे, ऐकणाऱ्याजवळचं ते 'सोरे', दोघांपासून लांबचं ते 'आरे'. बारीकसारीक फरक.

११ नोव्हेंबर, दुपार
मोठी बातमी! निघताना हायाशी साहेब मालकांसमोर बोलले. फार छान जपानी. ओसाकाला न्यायचं आहे. सहा महिने ट्रेनिंग. नाव घेतलं नाही. घेणारच नाहीत. बघत माझ्याकडेच होते. गुंजन माझ्या मागे फाइल घेऊन उभी होती, तिचेही डोळे भरून आले. मी भाषांतर केलं, मला नेणार. मालक म्हणाले, "तुले?" गुंजन "सर, तसं नाही" म्हणत होती. अभिनंदन नंतर स्वीकारू, म्हटलं.

१६ नोव्हेंबर
सीताबर्डीवरून दोन थर्मल, एक कानटोपी. लकडगंजला बहिणीकडे माझा सत्कार झाला. शाल, नारळ. मी जपानी स्वभावावर बोललो. पुष्पलता म्हणाली, "पत्र तं येऊ द्या." तरी चकल्या तळायला घेतल्याच. सहा महिने पुरतील एवढ्या.

२४ नोव्हेंबर
पत्र आलं. इंग्रजीत. इंग्रजीचं हेच वाईट, काही ओळखायला ठेवत नाही. 'शी' चार ठिकाणी, 'हर' सहा ठिकाणी. टायपिंगची चूक असेल, म्हटलं. मालकांनी वरचं नाव दाखवलं. गुंजनने जपानीच्या तीन परीक्षा दिल्यात म्हणे. मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे तिने दोनदा सांगायचा प्रयत्न केला होता.

२५ नोव्हेंबर
घरी सांगितलं. पुष्पलता हसेल वाटलं होतं. हसली नाही. चकल्यांचा डबा उघडून समोर ठेवला. म्हणाली, "खा आता. इथंच संपवू."

१२ जानेवारी
गुंजनला सोडायला विमानतळावर गेलो. सहा महिने तिचं टेबल माझ्याकडे आहे, जाणं भाग होतं. तिचे वडील मौद्याहून आले होते. त्यांना जपानबद्दल चार गोष्टी सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी तिला विचारलं, "हे कोण होय वं?" ती म्हणाली, "आमच्या ऑफिसातले." त्यांनी मला नमस्कार केला आणि मोठी बॅग माझ्याकडे सरकवली.
तेवीस किलो. उचलली.